ढोलकी ट्रान्सचे दोन उन्हाळे

एप्रिल लागला की एखाद्या दुपारी आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे आपोआप किणकिणायला लागतात. आधी डाळीचा, मग पोह्यांचा, मग सगळ्यात वरचा रिकामा. खाली मोशीच्या रस्त्यावर कुणीतरी टेम्पोवर स्पीकरचे बॉक्स रचून ते नीट वाजतात का हे बघत असतं. चौदा एप्रिलची जयंती जवळ आलेली असते, पाठोपाठ लग्नसराई. सोसायटीतले लोक खिडक्या लावून घेतात. मीही लावते, खोटं कशाला बोलू? पण लावायच्या आधी अर्धा मिनिट मी खिडकीच्या गजावर हात ठेवून उभी राहते. गजातली थरथर मनगटात येते आणि यंदा नवीन काय आलंय ते मला कळतं.

दरवर्षी काहीतरी नवीन आलेलं असतं. माझी मुलगी ओवी सातवीत आहे, ती मला नावं सांगते. "आई, हे फोंक आहे. मागच्या वर्षीचं ते वेगळं होतं, ते आता कुणी नाही ऐकत." बारा वर्षांच्या मुलीनं एखाद्या गोष्टीला जुनं म्हणावं आणि ती गोष्ट अवघी एका वर्षाची असावी, याचं लोकांना हसू येतं. मला येत नाही. कारण मी ज्या संगीतात होते, ते दोन उन्हाळे जगलं. त्याला नाव होतं ढोलकी ट्रान्स. ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते नावसुद्धा पिंपरी कॅम्पातल्या एका मोबाइलच्या दुकानदारानं दिलं होतं, आपल्या कॉम्प्युटरवर फोल्डरला काहीतरी नाव द्यायला हवं म्हणून.

त्या दोन उन्हाळ्यांतला पहिला मला सांगायचा आहे. त्या उन्हाळ्यात माझं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि ते मी मोडलं.

आमचं घर तेव्हा भोसरीच्या एमआयडीसीला चिकटून होतं. दोन खोल्या, वर पत्रा. मागच्या भिंतीपलीकडे एका छोट्या वर्कशॉपचा गाळा आणि त्यात पत्रा कापणारी प्रेस. ती सकाळी आठपासून ठोकायला लागायची. धडाम, मग थोडा थांबा, मग पुन्हा धडाम. आम्ही भावंडं त्या ठोक्यावर पाढे म्हणत मोठी झालो. आठवड्यातून एकच दिवस ती गप्प असायची, गुरुवारी. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी आमच्या वस्तीत कावळ्यांचा आवाज ऐकू यायचा, शेजारणीच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची, आणि आईला दर गुरुवारी नव्यानं वाटायचं की आपण किती मोठ्यानं बोलतो.

म्हणून दादाचं सगळं काम गुरुवारी चालायचं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ मिलिंद. एका कंपनीत कंत्राटावर सीएनसी मशीन चालवायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या सुट्या भागांतून जोडलेल्या कॉम्प्युटरवर गाणी मिक्स करायचा. आतल्या खोलीच्या भिंतींना त्यानं गाद्या टेकवून ठेवल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. रात्री त्याच गाद्या खाली घालून आम्ही झोपायचो. गुरुवारी शांतता मिळायची खरी, पण बऱ्याचदा गुरुवारीच दुरुस्तीसाठी वीजही जायची. मग अर्धवट झालेलं सगळं पुसलं जायचं. दादा दोन मिनिटं डोळे मिटून बसायचा आणि म्हणायचा, "करुणे, चहा टाक. परत पहिल्यापासून."

कुणीतरी त्याला परदेशी ट्रान्सच्या गाण्यांची सीडी दिली होती. एका सुरावर दुसरा सूर चढत जातो, चढतच राहतो, श्वास अडकतो, आणि मग एका क्षणी सगळं एकदम खाली कोसळतं. दादा त्या क्षणाला 'पाडायची जागा' म्हणायचा. "आपल्या बँडवाल्यांना चढवता येतं, पण पाडता येत नाही," असं त्याचं मत. त्याच्या डोक्यात आलं होतं की तो चढणारा सूर घ्यायचा आणि पाडायच्या जागेवर ढोलकी आणायची.

ढोलकी कॉम्प्युटरमध्ये होती, पण ती मेलेली ढोलकी होती. हे मी म्हणत नाही, बाबा म्हणाले.

माझे बाबा प्रेसवर ऑपरेटर होते. बीडकडून आलेले. आले तेव्हा एका हातात वळकटी आणि खांद्याला ढोलकी होती, असं आई सांगायची. वस्तीतल्या गायन पार्टीत ते वाजवायचे. एक पेटी, एक ढोलकी, दोन गाणारे, मागे टाळ्या देणारे चौघे. जयंतीच्या आदल्या दिवसापासून त्यांचं घरात लक्ष नसायचं. पुढे कंपनीत प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं. जखम भरल्यावर त्यांनी पहिल्यांदा ढोलकी घेतली आणि परत खुंटीला टांगली, हे मला लख्ख आठवतं. मी तेव्हा लहान होते. काही महिन्यांनी ते पुन्हा वाजवायला लागले. पण जलद चालीत एक बारीक ठोका त्या बोटाचा होता. तो येईना. त्या जागी नुसता श्वास घेतल्यासारखी मोकळी जागा यायची.

गायन पार्टी त्या बोटानं बंद पडली नाही. ती डीजेनं बंद पाडली. मिरवणुकीत आधी बेंजो आला, मग बॉक्स आले, आणि आठ माणसांचा आवाज त्यात कुणाला ऐकू येईना. त्यामुळे आपला मुलगा हेच करायला बसलाय हे बाबांना गिळवत नव्हतं. ते आतल्या खोलीत पाऊलही टाकत नसत.

एका गुरुवारी दादा ती कॉम्प्युटरची ढोलकी तासभर फिरवून फिरवून ऐकत होता. बाबा ओट्याशी भाजी निवडत बसले होते. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही.

"बंद कर ते," ते दारात येऊन म्हणाले. "ढोलकी वाजवायलास का पत्र्याचा डबा?"

दादा म्हणाला, "मग तुम्ही वाजवून दाखवा."

"तुझ्या खोक्यासाठी?"

"खोक्यासाठी नका. मला ऐकवायला वाजवा."

बाबांनी सदऱ्याला हात पुसले. मग खुंटीवरची ढोलकी काढली, दोऱ्या ओढल्या, आणि गादीला पाठ टेकून बसले. दादानं माइक पुढे सरकवला. बाबांनी माइककडे बघितलंसुद्धा नाही. सलग वीस मिनिटं वाजवलं. मी दाराच्या चौकटीत बसले होते. कपाळावरचा घाम त्यांच्या भुवईवर येऊन थांबत होता आणि ती मोकळी जागा दर आवर्तनात येत होती, न चुकता.

नंतर दादानं त्यातला एक तुकडा निवडला. मी म्हटलं, "दादा, इथे एक ठोका राहिलाय. भरून टाक की. कॉम्प्युटरला काय अवघड आहे?"

"भरून बघितला," तो म्हणाला. "भरला की कुणीही वाजवल्यासारखं वाटतं."

या गाण्यांत माझा आवाज आला, त्याचं कारण साधं होतं. दादाची गाणी लोक उचलायचे आणि स्वतःचं नाव लावून वाटायचे. म्हणून गाण्याच्या सुरुवातीला आणि पाडायच्या जागेआधी कुणाचातरी आवाज टाकायचा, म्हणजे गाणं कुणाचं ते कळतं. दादाचा स्वतःचा आवाज बसका. मित्रांपैकी दोघांचा घेऊन बघितला, ते ओरडायचे. "ओरडणारे खूप आहेत," दादा म्हणाला. "तू नीट बोल. कंपनीत रिपोर्ट देतेस तसं."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, बी.कॉम. होऊन चाकणच्या एका कंपनीत लागले होते. गाड्यांच्या वायरिंगचे जोड तपासायचं काम. जोड नीट बसला की 'टक्' असा आवाज येतो, नाही बसला तर येत नाही. दिवसभर तो टक् ऐकायचा. कान तयार झाले होते माझे. दादानं वाक्य लिहून दिलं होतं, ते मला पटलं नाही. मी माझं सांगितलं. पिंपरीत दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालतो. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर. बाबा तीस वर्षं भोंग्याचं ऐकत आले होते. मी माइकसमोर म्हटलं, "भोंगा झाला. आता आमचं ऐका."

सात वेळा रेकॉर्ड केलं. सातवं ठेवलं.

कॅम्पातल्या त्या दुकानदाराकडे लोक मोबाइलचं मेमरी कार्ड भरून घ्यायला यायचे. त्यानं आमच्या गाण्यांचा फोल्डर केला. पंधरा दिवसांत तो फोल्डर यादीत सगळ्यात वर गेला. जयंतीला पिंपरीत दुपारी तीन वाजता, डांबर वितळायच्या उन्हात, आमच्यापुढच्या गाडीवर ते गाणं लागलं. कुणाची गाडी होती ते आम्हाला माहीत नव्हतं. चढणारा सूर वर वर गेला, माणसं हात वर करून थांबली, मग माझा आवाज आला. माझा आवाज, दोन मजले उंच. मी आईच्या पदराआड लपले. आणि मग ढोलकी पडली.

बाबा माझ्या शेजारी होते. पांढरा सदरा, खिशाला पेन. ते गर्दीतून वाट काढत गाडीपाशी गेले आणि त्यांनी बॉक्सच्या लाकडावर उजवा तळवा टेकवला. पोरं त्यांच्या भोवती नाचत होती. कुणीतरी त्यांना "काका, बाजूला व्हा, कान जातील" म्हणत होतं. ते हलले नाहीत. परत आले तेव्हा मला म्हणाले, "माझं बोट न्हाई, तेबी ऐकू यायलंय गं."

मी खूप लोकांना हे सांगायचा प्रयत्न केला आहे. त्या भिंतीएवढ्या आवाजात एक न वाजलेला ठोका होता, आणि तो हजार माणसांच्या पायांना कळत होता. त्या ठोक्यावर सगळ्यांचे पाय क्षणभर हवेत राहायचे. याला गोंगाट म्हणायचं असेल तर म्हणा. मला गोंगाट माहीत आहे, मी प्रेसच्या भिंतीला टेकून वाढले आहे. गोंगाटात माणसाचं बोट जातं. ते गेलेलं बोट गोंगाटातून कधी ऐकू येत नाही.

स्थळ राजगुरुनगरचं होतं. मुलगा प्रशांत, चाकणलाच एका कंपनीत इंजिनियर. वडील निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणायचे. शिकलेलं, शांत घर. पहिल्या भेटीत सरांनी मला मी काय वाचते ते विचारलं होतं. आजवर बघायला आलेल्या कुणीही ते विचारलं नव्हतं. आई खूश होती. खरं सांगायचं तर मीही होते. प्रशांत बोलायला मोकळा होता, हसताना मान खाली घालायचा.

जयंतीनंतरच्या गुरुवारी ते दुसऱ्यांदा आले. सर, त्यांच्या पत्नी आणि प्रशांत. तारीख धरायची होती. गाद्या आईनं आवरून ठेवल्या होत्या, कॉम्प्युटरवर चादर टाकली होती. चहा झाला. सर म्हणाले, "आम्हाला मुलगी पसंत आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. फक्त एक गोष्ट कानावर आली. ते डीजेच्या गाण्यात सुरुवातीला एका मुलीचा आवाज आहे म्हणे. लोक काय, वाटेल ते बोलतात. म्हटलं, आपणच विचारून घ्यावं."

मग दादा म्हणाला, "मी काढून टाकतो, सर. दोन मिनिटांचं काम आहे."

"आता काढून काय उपयोग? बाहेर गेलेलं परत येतं का?" सर शांतपणे म्हणाले. "मी वेगळं सुचवतो. तो आवाज करुणाचा नाही, एवढं घरातल्या सगळ्यांनी म्हणायचं. पाहुण्यांत कुणी विचारलंच, तर तेवढं सांगायचं. विषय संपला."

आई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत एवढंच होतं की हो म्हण, एका वाक्यानं काय झिजतं.

बाबा म्हणाले, "आवाज तिचा हाय. तिला इचारा."

सर माझ्याकडे वळले. "बेटा, मी तुझ्या भल्यासाठी सांगतो. त्या गर्दीत कोण असतं, काय अवस्थेत नाचतं, आपण बघतो. तिथे घरातल्या मुलीचा आवाज असणं बरं दिसत नाही."

"त्या गर्दीत माझी आई असते, सर," मी म्हटलं. "बाबा असतात. मीही असते."

"ते वेगळं."

"आवाज माझाच आहे. मी नाही म्हणणार नाही."

"घाई करू नकोस. विचार करून सांग."

"विचार करूनच दिला होता. सात वेळा रेकॉर्ड केला होता."

सर रागावले नाहीत. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला, बाबांना नमस्कार केला आणि उठले. प्रशांत पूर्ण वेळ आपल्या बुटांच्या नाडीकडे बघत होता. त्यानं एकदा वर बघितलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार मी नंतर बरेच दिवस केला. त्यानं बघितलं नाही.

आई माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. डबा भरून ठेवायची, पण हातात द्यायची नाही. दादा मला चुकवायचा. बाबांनी एकदाच विषय काढला, तोही ढोलकीच्या दोऱ्या आवळताना. "चांगलं घर होतं," ते म्हणाले. मी हो म्हटलं. "असू दे," ते म्हणाले.

आणि तेवढ्यात लग्नसराई सुरू झाली. तो उन्हाळा मला अंगावर आठवतो. कांद्याच्या बाजाराचा वास घेत आमची कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकायची, दोन्ही बाजूंना ट्रक, आणि शेजारच्या टेम्पोतून, टपरीवरून, रिक्षातून मी स्वतःला ऐकायचे. भोंगा झाला, आता आमचं ऐका. बसमधल्या मुली माझ्याकडे बघून हसायच्या. लाइनवर माझ्या शेजारी बसणारी तर माझ्या आधीच ते वाक्य म्हणायची. ज्या आवाजापायी माझं स्थळ गेलं होतं, त्या आवाजावर तालुकाभर वराती निघत होत्या.

जूनमध्ये दादाचा एक बॉक्सवाला मित्र सांगत आला की तो राजगुरुनगरला एका वरातीला वाजवून आला. प्रशांतची वरात. दुसरी मुलगी ठरली होती, दोन महिन्यांत लग्न झालं होतं. "गाणं त्यांच्याच पोरांनी मागितलं, भावा," तो दादाला सांगत होता. "तीनदा वाजवलं." दादानं माझ्याकडे बघितलं. मी हसले, चांगली मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून थोडी रडलेही. वाईट वाटलंच. पण त्या दिवशी सकाळी मला कुणी परत तेच विचारलं असतं, तरी मी तेच उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात ढोलकी ट्रान्स सगळेच बनवायला लागले. भोसरीत, लातुरात, बीडमध्ये. बाबांच्या ढोलकीचा तो तुकडा कापून कापून प्रत्येकानं वापरला. तिसऱ्या उन्हाळ्यात हॉर्नची गाणी आली. त्यात ट्रकचे हॉर्न एकापाठोपाठ एक, कुणाचे बॉक्स जास्त काचा हलवतात याची चढाओढ. दुकानदाराच्या यादीत आमचा फोल्डर खाली खाली सरकत गेला, मग 'जुनी' नावाच्या फोल्डरमध्ये गेला, आणि एके दिवशी जागा कमी पडते म्हणून पुसला गेला. दादाला लोक म्हणाले, तूही हॉर्न बनव. त्यानं दोन बनवले आणि थांबला. कंपनीत कायम झाला, लग्न केलं. मीही तीन वर्षांनी लग्न केलं. माझ्या नवऱ्याला मी पहिल्याच भेटीत तो आवाज ऐकवला होता. तो म्हणाला, "हे तर माझ्या मोबाइलची रिंगटोन होती." बाबा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली.

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी बसणारे एक गृहस्थ आहेत, संगीतातले जाणकार. ते एकदा मला म्हणाले, "ही आजकालची गाणी दोन वर्षं टिकत नाहीत. जे टिकतं तेच संगीत." मी त्यांना विचारलं, मोगरा किती दिवस टिकतो? ते हसले. मी हसले नाही. टिकण्याची ही चाचणी कुणी ठरवली? ज्यांच्याकडे जपून ठेवायला कपाटं होती, लिहून ठेवायला माणसं होती, शिकवायला शाळा होत्या, त्यांचं टिकलं. आमच्याकडे आठ जीबीचं मेमरी कार्ड होतं, आणि नवीन आलं की जुनं पुसावं लागायचं. बाबांची गायन पार्टी त्याच्याही आधी गेली, तिचं तर एकही रेकॉर्डिंग नाही. आमचं जे गेलं ते हलकं होतं म्हणून गेलं नाही. आमच्याकडे जागा कमी होती.

आणि गेलं तरी कुठे गेलं?

गेल्या महिन्यात ओवी मोबाइलवर काहीतरी बघत होती. विशीतला एक मुलगा गाणं कसं बनवायचं ते शिकवत होता. स्क्रीनवर रंगीत चौकोनांच्या ओळी. "आता ढोलकीचा पॅटर्न टाकू," तो म्हणाला. "इथे एक ठोका सोडायचा. सगळे भरतात, तुम्ही भरू नका. हा गॅपच आपला मराठी टच आहे." आणि त्यानं वाजवून दाखवलं.

मी ओवीच्या हातातून मोबाइल घेतला. पाच-सहा वेळा ऐकलं. आवाज बाबांच्या ढोलकीचा नव्हता, कॉम्प्युटरचा होता, स्वच्छ, गुळगुळीत. पण जागा तीच. त्या मुलाला बाबा माहीत नाहीत, दादा माहीत नाही, ढोलकी ट्रान्स हे नावही त्यानं ऐकलं नसेल. तो कुणाचं तरी ऐकून शिकला, तो कुणीतरी आणखी कुणाचं ऐकून.

मी दादाला फोन लावला. तो चाकणला मेंटेनन्सला आहे, मागे मशीनचा आवाज येत होता. मी ओवीचा मोबाइल माझ्या फोनपाशी धरला. दादाला आता बारीक आवाज कमी ऐकू येतात, बॉक्ससमोर काढलेल्या उन्हाळ्यांची ती किंमत आहे, तीही मी लपवणार नाही. पण हे त्याला ऐकू आलं.

"बघ," तो म्हणाला, "बाबांचं बोट कुठवर पोचलं."

त्यानंतरच्याच रविवारी, अकराच्या सुमाराला, शेजारच्या वर्षाताई सह्या गोळा करत आल्या. टाइप केलेला अर्ज होता, पोलीस चौकीत द्यायचा. मी त्यांना आत बोलावलं आणि अर्ज वाचला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना हृदयाचा त्रास आहे, बॉक्स वाजायला लागले की ते छातीवर हात ठेवून बसतात, हे मी पाहिलं आहे. वर्षाताईंच्या मुलाची बारावीनंतरची प्रवेश परीक्षा तोंडावर होती. पण अर्जात लिहिलं होतं, 'संगीताच्या नावाखाली रस्त्यावर चालणारा असंस्कृत धिंगाणा कायमचा बंद करण्यात यावा.'

मी पेन घेतलं. 'असंस्कृत धिंगाणा' खोडलं. 'कायमचा बंद' खोडलं.

"अहो, हे काय करताय?" वर्षाताई म्हणाल्या. "सही करायची होती."

"करते ना. आवाज कमी हवा, ते मला मान्य आहे. दवाखान्यापाशी बंद हवा, तेही लिहा. पण हे शब्द नाहीत ठेवायचे."

"शब्दांचं काय एवढं? त्यांना कळायला हवं, म्हणून लिहिलंय."

"मी त्यातली आहे, वर्षाताई," मी म्हटलं. "माझे वडीलही त्यातले होते. त्यांना असंस्कृत म्हणणाऱ्या कागदावर मी सही कशी करू?"

त्यांनी अर्ज उचलून खोडलेले शब्द पुन्हा वाचले. आठ वर्षं आम्ही शेजारी आहोत, वाटीभर साखरेपासून मुलांच्या शाळेपर्यंत सगळं बोलतो. हे कधी बोललो नव्हतो. खाली रस्त्यावर कुणीतरी बॉक्स लावून बघत होतं, मधेच चालू, मधेच बंद.

"खाडाखोड केलेला अर्ज घेणार नाहीत ते," त्या हळूच म्हणाल्या.

"मग नवा लिहू. बसा."

मी ओवीच्या वहीतला कोरा कागद फाडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तारीख घातली, 'प्रति' लिहिलं, चौकीचा पत्ता लिहिला आणि पेन थांबवलं.

"विषय काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "संगीताच्या आवाजाबाबत."

त्यांनी 'संगीताच्या' लिहिलं. थोड्या थांबल्या. मग पुढचं लिहिलं.